एकाच मांसाची दोन ताटे

अमेरिकेतील सुखवस्तू खवय्यांमध्ये एक वाद गेली कित्येक वर्षे मोठ्या हिरिरीने चालू आहे. फ्लॉरिडा राज्यात ऑर्लँडो शहरालगत डिस्ने कंपनीने जी अवाढव्य मनोरंजननगरी वसविली आहे, तेथील स्टेकची उपाहारगृहे न्यूयॉर्क, शिकागो वा न्यू ऑर्लिअन्स येथील नामांकित स्टेकहाउसांच्या पंक्तीला बसण्याजोगी आहेत काय, असा तो वाद. स्टेक म्हणजे गोमांसाचा जाड कापलेला व तीव्र आचेवर भाजलेला तुकडा. अमेरिकन माणसाच्या लेखी तो निव्वळ खाद्यपदार्थ नव्हे. ती सुबत्तेची निशाणी होय. नोकरीत बढती मिळाली, लग्नाचा वाढदिवस आला, धंद्यातला सौदा पक्का झाला की स्टेक. त्यामुळे तो कोठे आणि कोणाच्या शेजारी बसून खाल्ला, यालाही तेथे प्रतिष्ठेचे मोल आहे. (कोणते मांस खावे वा खाऊ नये हा प्रस्तुत विषय नव्हे, त्यावर महाराष्ट्रात २०१५ पासून पुरेसे राजकारण झालेले आहे.)

रसिकांचा पक्ष थोडक्यात असा. एप्कॉट नावाच्या उद्यानात कॅनडाचे म्हणून जे दालन आहे, त्यात ‘ल सेलिए’ हे स्टेकहाउस आहे. तेथे जेवावयाचे तर आधी उद्यानाचे शंभर डॉलरहून अधिक किमतीचे तिकीट काढा, साठ दिवस अगोदर जागा राखून ठेवण्यासाठी धडपडा, आणि मग फ्लॉरिडाच्या रणरणत्या उन्हातून एका बनावट तळघरात शिरून, अर्ध्या चड्डीतल्या, घामेजलेल्या, किरकिऱ्या पोरांनी वैतागलेल्या कुटुंबांच्या गर्दीत ताटाची वाट पाहात बसा. ताटाची किंमत मात्र शहरातल्या उंची जागेइतकीच. याउलट ब्रुकलिनचे पीटर लुगर १८८७ पासूनचे. तेथे मांस आपल्याच जागेत कित्येक आठवडे मुरविले जाते आणि वाढपी वर्षानुवर्षांचे मुरब्बी असतात. सबब शहाण्या माणसाने उद्यानात पैसे न दवडता शहरात परतावे व ‘खरा’ स्टेक खावा, असा निवाडा देऊन हे रसिक मोकळे होतात.

या निवाड्यातील मांसापुरता भाग बरोबरही असेल. कोरड्या थंड हवेत मुरविलेल्या मांसातले पाणी उडते, वजन घटते, चव दाट होते. प्लास्टिकच्या पिशवीत पडून राहिलेल्या मांसाला ती येत नाही. हे नाकारण्यात पुरुषार्थ नाही. आक्षेप आहे तो या निवाड्याच्या पोटात दडलेल्या तुच्छतेवर. ‘त्या’ लोकांच्या शेजारी बसावे लागते, हे रसिकांचे खरे दुखणे होय. आणि खेदाची गोष्ट अशी की ही तुच्छता एकट्या धनिकांपाशी नाही. डाव्या विचाराच्या सुशिक्षितांतही डिस्नेचे नाव निघताच नाक मुरडणे हे पुरोगामीपणाचे लक्षण समजले जाते. मुलाकडे अमेरिकेस जाऊन आलेले पुण्या-ठाण्याचे निवृत्त आईवडील ऑर्लँडोची छायाचित्रे हौसेने दाखवू लागले, की घरातला एखादा वाचलेला पुतण्या ‘सगळे नकली, सगळा बाजार’ म्हणून त्यांना गप्प करतो. बाजार आहे हे खरेच. परंतु बाजार फक्त तेथेच आहे आणि ब्रुकलिनच्या लाकडी मेजांवर नाही, हा समज कोठून आला?

पीटर लुगरचेच उदाहरण पाहावे. उघडी लाकडी मेजे, जुन्या जर्मन बियरगृहाची धाटणी, उद्धटपणाबद्दलच नावाजलेले वाढपी, क्रेडिट कार्ड न स्वीकारण्याचा जुना हट्ट: हा सारा ‘अस्सलपणा’ म्हणून विकला जातो. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने या अस्सलपणाला एकही तारा दिला नाही. २०२२ मध्ये मिशलिन मार्गदर्शिकेनेही आपला तारा काढून घेतला. ते असो, समीक्षकांच्या ताऱ्यांवर श्रद्धा ठेवण्याचे कारण नाही. मौज पुढेच आहे. याच उपाहारगृहाची शाखा २०२१ मध्ये टोकिओत निघाली आणि २०२३ मध्ये लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेस या जुगारगृहात निघाली. प्लास्टरच्या रोमन साम्राज्यात ब्रुकलिनचे १८८७ साल थाटात उभे राहिले. मग प्लास्टरच्या कॅनडात कॅनडाचे तळघर उभे राहिले तर बिघडले काय? डिस्नेने आपल्या एका हॉटेलात २०२१ मध्ये ‘स्टेकहाउस ७१’ काढले. त्याचे नाव डिस्ने वर्ल्ड सुरू झाले त्या १९७१ वरून ठेवले. म्हणजे उद्यान आता स्वतःच्याच बालपणाचा देखावा विकते, आणि शहर आपल्या आजोबांच्या क्लबाचा. चामड्याच्या खुर्च्या, मंद दिवे, काळसर लाकूड, भिंतींवर पुरुषी मर्दुमकीची चित्रे हेही नेपथ्यच. फरक इतकाच की उद्यानातल्या प्रेक्षकाला आपण नाटकाला आलो आहोत हे ठाऊक असते.

मालकीचा शोध घेतला तर हा भेद पुरताच विरघळतो. शिकागोत १९७८ मध्ये निघालेले मॉर्टन्स हे उंची स्टेकहाउसांतले एक मानाचे नाव. २०१२ पासून ते ह्यूस्टनच्या लँड्रीज या कंपनीच्या, म्हणजे टिल्मन फर्टिटा या अब्जाधीशाच्या खिशात आहे. हीच कंपनी डिस्नेच्या आवारातील रेनफॉरेस्ट कॅफे चालविते, जेथे ठरावीक वेळाने खोटा गडगडाट होतो व यांत्रिक हत्ती सोंडा हलवितात. आणि तिचेच टी-रेक्स, जेथे यांत्रिक डायनोसॉर डरकाळ्या फोडतात. न्यू ऑर्लिअन्समध्ये रूथ फर्टेल या एकट्या कर्त्या बाईने १९६५ मध्ये विकत घेऊन नावारूपास आणलेले रूथ्स क्रिस २०२३ मध्ये सुमारे ७१ कोटी ५० लाख डॉलरना डार्डेन कंपनीने गिळले. कॅपिटल ग्रिल हे दुसरे उंची नाव तिने २००७ मध्येच मिळविले होते. आणि डार्डेनचे मुख्यालय कोठे आहे? ऑर्लँडोतच. उद्यानाला नाके मुरडून शहरातल्या ‘खऱ्या’ स्टेककडे वळलेल्या रसिकाचे डॉलर फिरून त्याच गावी जमा होतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना १९७१ मधील वॉल्टर ओय यांचा एक निबंध परिचित असेल. मक्तेदाराने प्रवेशाचे दाम जबर ठेवून आतले खेळ स्वस्त द्यावेत, की प्रवेश स्वस्त ठेवून प्रत्येक खेळाचे दाम वसूल करावे, हा प्रश्न ओय यांनी डिस्नेलँडचेच उदाहरण घेऊन मांडला. त्या वर्षी डिस्ने वर्ल्डचा प्रवेश साडेतीन डॉलर होता व खेळांची कूपने वेगळी होती. पुढे कंपनीने या द्विधेतून स्वतःपुरती उत्तम वाट काढली: प्रवेशही जबर आणि ताटही जबर. फाटकाच्या आत शिरलेला माणूस शेजारच्या दुकानी भाव ताडून पाहू शकत नाही, हे तिचे खरे भांडवल होय. त्यावर २००५ मध्ये भोजनाची आगाऊ योजना आली. पैसे आधीच भरावयाचे, आणि आत गेल्यावर ताटाची किंमत डॉलरांत न मोजता जेवणाच्या हक्कांत मोजावयाची. उंची जागी बसले की एकाऐवजी दोन हक्क खर्ची पडतात. महासाथीत, २०२० मध्ये, बंद पडलेली ही योजना २०२४ पासून पुन्हा चालू झाली. पैसा दिसेनासा झाला की माणूस सढळ होतो, हे सावकाराला पूर्वीपासून ठाऊक आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात उद्याने, हॉटेले, जहाजे इत्यादी विभागाने डिस्नेला सुमारे ९.३ अब्ज डॉलरचा व्यवसायनफा मिळवून दिला. चित्रपट, दूरदर्शन, खेळ या साऱ्यांचे मिळून त्याहून कमी.

शहरी स्टेकहाउसला असे फाटक नाही. तेथे किंमत हेच फाटक. ज्याला परवडत नाही तो बाहेर राहतो, आणि तो बाहेर आहे म्हणूनच आतल्याच्या घासाला गोडी येते. थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये रिकामटेकड्या वर्गाच्या खर्चाची जी चिकित्सा केली, तिच्यात भर घालावी असे या काळ्या लाकडाच्या खोल्यांत फारसे काही नाही.

आता ताटातला तुकडा कोठून येतो ते पाहू. एके काळी अर्धे-पाव जनावर रेल्वेने शहरांत येई आणि तेथला खाटीक ते तोडी. ही तोडणी कसबाची होती. त्या कसबाला वेतन होते, आणि वेतनामागे संघटना होती. १९६० मध्ये आयोवात निघालेल्या आयबीपी या कंपनीने १९६७ मध्ये नेब्रास्कातील डाकोटा सिटी येथे जनावर कारखान्यातच तोडून, हवा काढलेल्या पिशव्यांत भरून, खोक्यांतून पाठविण्यास प्रारंभ केला. तोडणीचे काम चालत्या पट्ट्यावर विभागले गेले. एक माणूस दिवसभर एकच काप घेतो. शहरातल्या खाटकाचे कसब निकामी झाले आणि कारखाना संघटनेच्या बालेकिल्ल्यांपासून दूर, कुरणांच्या प्रदेशात गेला. न्यूयॉर्कच्या बाजारात खोक्यांचे मांस शिरावे म्हणून संघटनेचे पुढारी आणि मोठ्या दुकानांचे अधिकारी यांना लाच देण्याच्या कटात ही कंपनी व तिचा संस्थापक करियर होलमन १९७४ मध्ये दोषी ठरले. लाच घेणाऱ्यांत कामगारांचे म्हणविणारे होते, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. डाकोटा सिटीच्या कामगारांनी १९६९ पासून पुढची दोन दशके वारंवार संप केले. तरीही १९८० नंतर मांसकामगाराचे वेतन, जे कारखान्यांतील सरासरीहून वर असे, ते तिच्या खाली घसरले. २००१ मध्ये आयबीपी टायसनच्या पोटात गेली.

आज टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चार कंपन्या चारून पोसलेल्या गुरांच्या कत्तलीपैकी सुमारे ८५ टक्के कत्तल करतात. १९७७ मध्ये पहिल्या चारांचा वाटा सुमारे २५ टक्के होता. २०२४ च्या ऑक्टोबरात या चौघांनी संगनमताने भाव चढविल्याचा दावा लावण्याची पाळी साक्षात मॅक्डोनाल्ड्सवर आली. म्हणजे मोठ्या माशाला त्याहून मोठा मासा भेटला. एका टोकाला गुरे पाळणारा शेतकरी आणि दुसऱ्या टोकाला खाणारा यांच्यामध्ये हे चौघे उभे आहेत. उद्यानातला स्टेक असो की शहरी मेजावरचा, मोठ्या साखळ्यांचे मांस बहुतांशी याच चिंचोळ्या दारातून बाहेर पडते. पुढे कोणी ते आठवडे दोन आठवडे मुरवितो, कोणी नाही. चवीचा सारा वाद या शेवटल्या दोन आठवड्यांचा आहे.

त्या दाराच्या आत काय चालते? २०२० च्या एप्रिलात, महासाथीने मांसकारखान्यांत थैमान घातले असताना, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी संरक्षण उत्पादन कायद्याचा आधार घेऊन कारखाने चालू ठेवण्याचा आदेश काढला. स्टेक हा राष्ट्रीय संरक्षणाचा विषय ठरला. अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार पाच मोठ्या मांसकंपन्यांत पहिल्या वर्षात किमान ५९ हजार कामगारांना लागण झाली व २६९ दगावले. कोलोरॅडोतील ग्रीली येथील जेबीएसच्या कारखान्यात किमान सहा जण दगावल्यावर सरकारी सुरक्षा खात्याने दंड प्रस्तावित केला तो १५,६१५ डॉलरचा. इतक्या रकमेत मॅनहॅटनमधील एखाद्या बड्या कंपनीची एक रात्रीची मेजवानी साजरी व्हावी. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत, कारखाने रात्री धुण्याचा ठेका घेणाऱ्या पीएसएसआय या कंपनीला १५ लाख डॉलर दंड झाला, कारण आठ राज्यांतील १३ कारखान्यांत तिने १३ ते १७ वर्षांची १०२ मुले कामाला लावली होती. छातीचे हाड कापण्याच्या करवती आणि डोकी फोडण्याची यंत्रे ही मुले मध्यरात्री दाहक रसायनांनी धूत होती. त्या कारखान्यांत जेबीएस, टायसन व कारगिल या तिघांचेही कारखाने होते.

येथे एक जुने उदाहरण आठवणे भाग आहे. १९०५ मध्ये कॅन्सस राज्यातून निघणाऱ्या ‘अपील टू रीझन’ या समाजवादी साप्ताहिकातून अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी क्रमशः आली. शिकागोच्या खाटीकखान्यांतील कामगाराची दैना जगापुढे मांडावी हा तिचा हेतू होता. वाचकांनी मात्र आपल्या ताटातल्या मांसात काय मिसळलेले असते तेवढेच वाचले. १९०६ च्या जूनमध्ये मांसतपासणीचा कायदा झाला. कामगाराच्या पदरात काही पडले नाही. आपला नेम जनतेच्या हृदयावर होता आणि लागला तो पोटाला, असे सिंक्लेअर यांनी स्वतःच पुढे कबूल केले. सव्वाशे वर्षे होत आली तरी खाद्यसमीक्षेचा नेम अजून पोटाच्या वर गेलेला नाही.

स्वयंपाकघरातून ताट बाहेर येते तेव्हा ते वाढप्याच्या हातात असते, आणि अमेरिकन वाढपी हा मालकाचा नोकर असूनही त्याचे वेतन देतो गिऱ्हाईक. बक्षिसी मिळविणाऱ्या कामगाराला मालकाने द्यावयाचे केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर आहे. पूर्वी ते सामान्य किमान वेतनाच्या प्रमाणात वाढे. १९९६ मध्ये उपाहारगृहमालकांच्या संघटनेने आपले वजन खर्ची घातले व तो दुवा तोडला गेला. सामान्य किमान वेतनदेखील २००९ पासून ७.२५ डॉलरवर गोठलेले आहे. दोन्हींकडच्या उंची ताटाला साठ-सत्तर डॉलर सहज पडतात. म्हणजे केंद्रीय किमान वेतनावरील मजुराने आठ तासांहून अधिक राबावे तेव्हा एक ताट, आणि तेही बक्षिसी वगळून. २०२५ च्या जुलैत बक्षिशीच्या मिळकतीवर वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत प्राप्तिकराची सवलत देणारा कायदा झाला. तिचा मोठा गाजावाजा झाला. ज्याची मिळकत मुळात करपात्रच नाही अशा गरीब वाढप्याला तिचा उपयोग शून्य. आणि मालकाचे २.१३ डॉलर जेथल्या तेथेच. वेतन मालकाने द्यावयाचे, दिले गिऱ्हाइकाने, आणि सवलत दिली सरकारी तिजोरीने. मालकाने काय दिले, हे कोणी विचारले नाही.

तिजोरीचा विषय निघाला आहे तर उंची स्टेकहाउसांचे मर्म सांगून टाकणे बरे. तेथे बसणाऱ्यांपैकी कितीकांचे बिल कंपनी भरते. कंपनी ते बिल धंद्याचा खर्च म्हणून दाखविते आणि नफ्यातून वजा करते. १९८६ पूर्वी असा खर्च पूर्णपणे वजा होत असे आणि कंपनीकराचा दर ४६ टक्के होता. म्हणजे शंभर डॉलरच्या मेजवानीतले ४६ डॉलर जनतेचे. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी या ‘तीन पेल्यांच्या’ जेवणाविरुद्ध सत्तरीच्या दशकात आवाज उठविला, पण काँग्रेसने त्यांची डाळ शिजू दिली नाही. पुढे १९८६ च्या सुधारणेने वजावट ८० टक्क्यांवर व १९९३ च्या कायद्याने ५० टक्क्यांवर आली. आजच्या २१ टक्के दराने हिशेब केला तर चारशे डॉलरच्या बिलात ४२ डॉलर तिजोरीचे. २०२१ व २०२२ ही दोन वर्षे, महासाथीच्या नावाखाली, वजावट पुन्हा पूर्ण करण्यात आली होती. तेव्हा ८४ डॉलर. याउलट उद्यानातल्या बनावट तळघरात बसलेला ओहायोचा ट्रकचालक कर भरून उरलेल्या पैशातून, वर्ष-दोन वर्षे साठवून, बायकापोरांना जेवू घालतो. त्याच्या ताटात तिजोरीचा एक छदामही नाही. रसिक ज्याला फुकाचा भपका म्हणून हसतात तो स्वकष्टाचा आहे, आणि हसणाऱ्यांच्या शिष्टाचारात मात्र त्या ट्रकचालकाच्या करातले चार पैसे आहेत!

याचा अर्थ डिस्नेला प्रशस्तिपत्र द्यावे असा मुळीच नव्हे. कॅनडाच्या दालनात वाढणारी मुले कॅनडातून आणलेली असतात. त्यासाठी १९९० च्या कायद्यात ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ असे गोंडस नाव देऊन क्यू वर्गाचा परवाना निर्माण करण्यात आला, ज्याला तेथे सर्रास ‘डिस्ने व्हिसा’ म्हणतात. पंधरा महिन्यांची मुदत, राहावयास कंपनीने ठरविलेली घरे, आणि भाडे पगारातून कापून. मुंबईच्या गिरणी चाळीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडच्या कामगारांची २०१८ मध्ये पाहणी झाली, तेव्हा दहांपैकी एकाहून अधिकाने गेल्या दोन वर्षांत आपण केव्हा ना केव्हा बेघर होतो असे सांगितले. जे जगातील सर्वांत सुखी ठिकाण म्हणून मिरविते, तेथली ही माणसे गाडीत झोपत होती. अनाहाइमच्या मतदारांनी त्याच वर्षी, शहराकडून करसवलत घेणाऱ्या हॉटेलांना १५ डॉलर किमान वेतनाची सक्ती केली. तो नियम आपल्याला लागू नाही म्हणून कंपनी न्यायालयात झगडली. २०२३ मध्ये अपील न्यायालयात हरली, आणि अखेरीस २३ कोटी ३० लाख डॉलर देऊन मोकळी झाली.

पण ती हरली, हे महत्त्वाचे. आणि फ्लॉरिडात तर, जेथे संघटनाविरोधी कायदा राज्यघटनेतच लिहिलेला आहे, तेथे डिस्ने वर्ल्डचे सुमारे ४५ हजार कामगार सहा संघटनांच्या एका संयुक्त मंडळाच्या कराराखाली येतात. भांडी धुणारा, खोल्या झाडणारा, आचारी, बसचालक, मिकीचा मुखवटा घालून उन्हात उभा राहणारा, सारे एका करारात. २०२३ च्या फेब्रुवारीत कंपनीने देऊ केलेली वाढ या कामगारांनी ९६ टक्के मतांनी झिडकारली. पुढच्याच महिन्यात कंपनी वाकली आणि बक्षिसी न मिळणाऱ्या कामगारांचे किमान वेतन त्या वर्षअखेरीपर्यंत १५ वरून १८ डॉलर करण्याचे तिने मान्य केले. शहरी उंची साखळ्यांत अशी संघटना औषधालाही सापडत नाही. तेथे प्रत्येक वाढपी आपल्या मेजापुरता, आपल्या बक्षिशीपुरता, आणि गिऱ्हाइकाच्या लहरीपुरता. मांस कोणाचे सरस हा वाद रसिकांनी खुशाल चालवावा. पण कामगाराच्या अंगाने मोजावयाचे तर त्या टिंगलखोर नकली नगरीचे पारडे या एका बाबतीत जड आहे, आणि ते कंपनीच्या कृपेने जड झालेले नाही.

ज्यांना सामान्य अमेरिकन म्हणजे प्लास्टरच्या किल्ल्यांना भुलणारे मेंढरू वाटते, त्यांनी ३ नोव्हेंबर २०२० या दिवसाचे काय करावयाचे ते सांगावे. त्या दिवशी फ्लॉरिडाने राष्ट्राध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना कौल दिला. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, त्याच फ्लॉरिडाने किमान वेतन टप्प्याटप्प्याने १५ डॉलर करणारी घटनादुरुस्ती संमत केली. तिला ६० टक्के मते लागत होती. जवळजवळ ६१ टक्के पडली. राज्यातील उपाहारगृह व हॉटेलमालकांच्या संघटनेने उघड विरोध केला होता, धंदे बुडतील म्हणून भीती घातली होती. ट्रम्प यांना मत देणाऱ्या लक्षावधी हातांनी त्या भीतीला भीक घातली नाही. या मतदारांतले कितीक जण आयुष्यात एकदा तरी त्या उद्यानात सहकुटुंब जेवलेले असतील, आणि त्यांना तो स्टेक आवडलाही असेल. त्यांच्या आवडीवरून त्यांच्या अकलेची परीक्षा करणाऱ्या डाव्या पंडितांनी हा निकाल ध्यानात घ्यावा.

त्या दुरुस्तीने ३० सप्टेंबर २०२६ साठी १५ डॉलरचा दर ठरवून दिला. वाढप्याच्या बाबतीत मात्र मालकाला त्यातून ३.०२ डॉलर बक्षिशीपोटी कापता येतात, म्हणजे त्याचे हक्काचे वेतन ११.९८ डॉलर. शेजारच्या जॉर्जियात तोच डगला घालून तेच ताट तसेच वाढणाऱ्याचे २.१३. ही ३.०२ ची वजावट २००३ मधील केंद्रीय नियमावरून २००४ च्या घटनादुरुस्तीत शिरली, तेव्हापासून ती जागची हललेली नाही. ती काढावयाची तर पुन्हा दारोदार सह्या गोळा करणे आले, पुन्हा ६० टक्के मते मिळविणे आले. आणि ती ज्यांच्याकडे मागावयाची ते लोक रविवारी मुलांचा हात धरून त्या फाटकापुढे रांगेत उभे असतात.